तुकोबांच्या गाथेत नसलेले गाणे : शांताराम आठवले यांची प्रभातगीते

कीर्तनात, शाळेच्या परिपाठात, भजनी मंडळांच्या बैठकीत ‘आधी बीज एकले’ अजूनही तुकोबांचा अभंग म्हणून गायले जाते. गाथा उघडून तो शोधणाऱ्यांना सापडत नाही, कारण तो गाथेत नाही. हे गाणे शांताराम आठवले यांनी 1936 साली ‘प्रभात’ फिल्म कंपनीच्या ‘संत तुकाराम’ चित्रपटासाठी लिहिले. तेव्हा त्यांचे वय होते 26.

आठवल्यांचा जन्म पुण्याचा, 21 जानेवारी 1910 चा. मराठी बोलपट जन्मला 1932 साली, ‘अयोध्येचा राजा’ या ‘प्रभात’च्याच चित्रपटाने, त्याचे संगीत गोविंदराव टेंबे यांचे. पहिल्या बोलपटांतली गाणी रंगभूमीचा वारसा घेऊनच आली. चाल आधीची, शब्द तिच्यात बसवलेले, आणि गायकाने तान घेतली की शब्द कुठल्या कुठे. नाट्यगृहात हे चालत असे, कारण प्रेक्षक गवयाला ऐकायला आलेला असे. पडद्यावर मात्र चेहरा जवळून दिसतो, गाणे तीनचार मिनिटांत संपवावे लागते आणि ते म्हणणारे पात्र एखादा खेडूत, एखादा भिकारी, एखादी चिडलेली तरुण मुलगी असू शकते. या गरजेतून गीतकार नावाचा वेगळा कारागीर घडला. मराठीत तो पहिल्यांदा पूर्ण रूपात दिसतो तो आठवल्यांत, असे माझे मत आहे.

त्यांना जोडीदारही तसाच मिळाला. संगीतकार केशवराव भोळे 1933 च्या ‘आंधळ्यांची शाळा’ नाटकापासून लहान, अर्थवाही, भावगीताच्या वळणाच्या गाण्यांचा आग्रह धरत होते. ‘प्रभात’ही त्याच वर्षी कोल्हापूर सोडून पुण्याला आली होती. भोळ्यांना शब्द ऐकू यायला हवे होते आणि आठवल्यांना ऐकू यावेत असे शब्द लिहिता येत होते.

‘संत तुकाराम’मध्ये तुकोबांचे खरे अभंग होतेच. अशा चित्रपटात नवे गाणे घालायचे म्हणजे अस्सल नाण्यांच्या शेजारी आपले नाणे वाजवून दाखवायचे. दामले-फत्तेलाल दिग्दर्शक, शिवराम वाशीकरांची कथा-पटकथा, आणि तुकोबांच्या भूमिकेत विष्णुपंत पागनीस. पागनीस नाटकात स्त्रीभूमिका केलेले नट आणि रंगून भजन म्हणणारे गायक. त्यांच्या तोंडी आठवल्यांनी दिले ते एका बियाण्याचे चित्र. बी रुजते, रोप होते, त्या एकापासून असंख्य झाडे, फुले, फळे. आणि हा सगळा पसारा पुन्हा एकाच तत्त्वात मिळतो. अद्वैताचा सिद्धांत शेतकऱ्याला रोज दिसणाऱ्या गोष्टीतून सांगितलेला. तुकोबांची रीत हीच. आठवल्यांनी ती रीत उचलली. शब्द उचलले नाहीत.

गाणे नीट वाचले तर दोन गोष्टी लक्षात येतात. एक, त्याच्या ओळी अभंगाच्या अक्षरगणनेत बसत नाहीत. चरणांची लांबी चालीप्रमाणे कमीजास्त होते. दुसरी जास्त मोलाची : शेवटी ‘तुका म्हणे’ नाही. नाममुद्रा घातली असती तर फसवणूक पक्की झाली असती, आणि घालायला अडचणही नव्हती, कारण पडद्यावर म्हणणारे तुकोबाच होते. आठवल्यांनी ती घातली नाही. संताच्या नावाने ओळ खपवण्याचा मोह एका 26 वर्षांच्या कवीने टाळला, याबद्दल मला त्यांच्याविषयी फार आदर वाटतो. तरी लोकांनी ते गाणे तुकोबांना बहाल केले. चित्रपट मुंबईच्या सेंट्रल चित्रपटगृहात 57 आठवडे चालला, 1937 साली व्हेनिसच्या महोत्सवात त्याची खास दखल घेतली गेली, आणि गाणे गावोगाव पोचले ते पागनिसांच्या आवाजात. ऐकणाऱ्याच्या लेखी गाणारे तुकाराममहाराजच होते.

‘संत तुकाराम’च्या पुढच्याच वर्षी ‘कुंकू’ आला. नारायण हरी आपट्यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ कादंबरीवर व्ही. शांताराम ऊर्फ शांतारामबापूंनी काढलेला हा चित्रपट : म्हाताऱ्या वकिलाशी फसवून लग्न लावलेली नीरा आणि तिचे बंड. पार्श्वसंगीत मुद्दाम टाळून भोवतालच्या आवाजांवर उभारलेल्या या चित्रपटात गाण्याला कारण असल्याशिवाय जागा नव्हती. शांता आपटे यांची नीरा लाँगफेलो या अमेरिकन कवीची कविता इंग्रजीतच म्हणते, इतके हे धाडस पुढे गेलेले. त्याच चित्रपटात परशुराम या मुलाने भिकाऱ्याच्या भूमिकेत म्हटलेले ‘मन सुद्ध तुझं’ आहे. मन स्वच्छ असेल तर कुणाला भिऊ नकोस, वाट कठीण असली तरी चालत राहा, असा त्याचा आशय. हा उपदेश प्रमाण भाषेत लिहिला असता तर सुभाषित झाले असते. आठवल्यांनी तो रस्त्यावरच्या पोराच्या बोलीत दिला, आणि बोली कुठेही हसण्यासाठी वापरली नाही. गाण्याची थट्टा होत नाही, उलट वजन वाढते. पुढे मराठी चित्रपटात ग्रामीण बोलीतली गाणी पुष्कळ आली. त्यांतल्या बऱ्याच गाण्यांना ही समज राखता आली नाही.

1938 च्या ‘गोपालकृष्ण’मध्ये संगीतकार बदलले. मास्टर कृष्णराव हे भास्करबुवा बखल्यांचे शिष्य, बैठकीचे गवई, रंगभूमीवरचे कसलेले संगीतकार. त्यांच्या चालीत लडिवाळ हरकती जास्त. राम मराठे कृष्ण, शांता आपटे राधा. आठवल्यांची लेखणी इथे वेगळी चालते : नादाला मऊ आणि गवळणीच्या परंपरेला जवळची. त्याच वर्षी ‘माझा मुलगा’त पुन्हा भोळे, आणि शांता हुबळीकर यांच्या आवाजातले ‘पाहू रे किती वाट’. भक्ती नाही, उपदेश नाही, फक्त वाट पाहणे.

‘प्रभात’च्याच ‘माणूस’ची गाणी मात्र अनंत काणेकरांची, ‘प्रभात’चे सगळे श्रेय आठवल्यांच्या खाती जमा करू नये म्हणून हे सांगायला हवे.

1941 च्या ‘शेजारी’तल्या ‘लखलख चंदेरी’पाशी थांबायलाच हवे. जिवा आणि मिर्झा, हिंदू आणि मुसलमान, शेजारी आणि जिवाचे दोस्त. केशवराव दाते आणि गजानन जागीरदार यांनी केलेल्या या भूमिका पाहिल्यावर दोघांमध्ये पडणारी फूट सहन होत नाही. अखेर धरणावर दोघांचा अंत होतो. त्या चित्रपटातले हे समूहगीत म्हणजे सगळ्या गावाचा आनंद. एका गायकासाठी लिहिणे आणि शेकडो पायांसाठी लिहिणे यांत फरक असतो. इथे अक्षरांची पुनरावृत्ती, अनुप्रास, छोटे छोटे घाव, कुठेही अवघड जोडाक्षर नाही. चाल नसतानाही शब्द वाचले तर ठेका धरतात. मास्टर कृष्णरावांनी त्या ठेक्याला स्वर दिले. ‘आधी बीज’ लिहिणाऱ्याने हे लिहिले यावर विश्वास बसत नाही, आणि हीच आठवल्यांची ताकद. त्यांची गाणी एकमेकांसारखी नाहीत, कारण ती पात्रांची आहेत.

1942 साली शांतारामबापू ‘प्रभात’मधून बाहेर पडले आणि तिथली मंडळी पांगत गेली. आठवले दिग्दर्शनाकडे वळले. 1948 चा ‘भाग्यरेखा’ त्यांचा. त्यात शांता आपटे आणि पु. ल. देशपांडे होते. य. गो. जोशींच्या कथांवरचे ‘वहिनींच्या बांगड्या’ (1953) आणि ‘शेवग्याच्या शेंगा’ (1955) हेही त्यांचेच. मध्यमवर्गीय घरातली माया मोजक्या प्रसंगांत दाखवणारे हे चित्रपट लोकांनी डोक्यावर घेतले. तोवर गीतकाराच्या जागी ग. दि. माडगूळकर म्हणजे गदिमा आले होते आणि त्या तेजापुढे आधीचा माणूस झाकला जाणे स्वाभाविक होते. पण पात्राच्या तोंडी पात्राची भाषा देणारे चित्रगीत ही वाट गदिमांना तयार मिळाली, हे विसरता कामा नये. ‘प्रभातकाल’ या पुस्तकात आठवल्यांनी त्या दिवसांच्या आठवणी लिहून ठेवल्या आहेत. मराठी चित्रपटाचा अभ्यास करणाऱ्याने त्या वाचायलाच हव्यात. 2 मे 1975 रोजी ते गेले.

ज्यांच्या घरी ‘प्रभात’च्या जुन्या तबकड्या किंवा चित्रपटगृहाबाहेर मिळणाऱ्या गाण्यांच्या पुस्तिका असतील त्यांनी त्या जपाव्यात, जमल्यास एखाद्या ग्रंथालयाला किंवा संग्रहालयाला द्याव्यात. आणि यापुढे कार्यक्रमात ‘आधी बीज एकले’ गायचे असेल, तर निवेदकाने गाण्याआधी शांताराम आठवले हे नाव घ्यावे.