एकच चेहरा, तीन चिठ्ठ्या
त्वचेआड : भाग सातवा

स्किनच्या डॉक्टरांनी स्पायरोनोलॅक्टोन लिहून दिलं. गायनॅकने ते थांबवायला सांगून 'पस्तीस'ची गोळी सुरू केली. घरच्या डॉक्टरांनी दोन्ही चिठ्ठ्या पाहिल्या आणि म्हणाले, "लग्न व्हायचंय अजून. हार्मोन्सच्या वाटेला जाऊच नका." हनुवटीवर आणि जबड्याच्या कडेने, पाळीच्या आधी ठणकत वर येणाऱ्या मुरुमांनी हैराण झालेल्या कितीतरी मुलींच्या फायलीत अशा चिठ्ठ्या सापडतील. तीन डॉक्टर, तीन मतं, असं म्हणत घरचे हात टेकतात आणि मुलगी चौथा डॉक्टर शोधू लागते.

त्याआधी ही मतं कुठून येतात ते पाहायला हवं.

अँड्रोजेन हार्मोन्स प्रत्येक स्त्रीच्या शरीरात असतात. त्यांच्यामुळे त्वचेतल्या तेलग्रंथी जास्त तेल बनवतात, छिद्रं बुजतात, आत जंतू वाढतात आणि सूज येते. गंमत अशी, की अशी मुरुमं असलेल्या बऱ्याच स्त्रियांच्या रक्तात अँड्रोजेनचं प्रमाण नॉर्मल निघतं. त्यांच्या तेलग्रंथीच या हार्मोन्सना जास्त दाद देतात. त्यामुळे रिपोर्ट नॉर्मल आला की एक डॉक्टर हार्मोन्सचा विषय मिटवून टाकतो, तर दुसरा तरीही हार्मोन्सवरचंच औषध देतो. इथे दुसऱ्याचं म्हणणं रास्त आहे. गर्भनिरोधक गोळी चालू असताना केलेल्या तपासणीवरही विसंबता येत नाही, कारण गोळी हे आकडे खाली आणते. तपासणीपूर्वी किमान तीन महिने गोळी बंद असावी लागते.

सोनोग्राफीने तर गोंधळात भरच पडते. सतरा वर्षांच्या मुलीच्या रिपोर्टवर अंडाशयाच्या कडेने बारीक फॉलिकल्स असल्याचं लिहून येतं आणि तिच्या नावापुढे 'पीसीओडी' या अंडाशयाच्या हार्मोनविकाराचं लेबल लागतं. त्या वयात अंडाशय असं दिसणं सर्रास आढळतं. म्हणूनच २०२३च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार किशोरवयात या निदानासाठी सोनोग्राफीचा आधार घेऊ नये. एवढ्या लहान वयात, एका रिपोर्टवरून, 'मला मूल होणार नाही' ही भीती उराशी धरून बसलेल्या मुली पाहिल्या की जीव तुटतो.

आता 'पस्तीस'ची गोळी. डायान-३५, क्रिम्सन-३५, गिनेट-३५ अशा नावांनी मिळणाऱ्या या गोळीत २ मिलिग्रॅम सायप्रोटेरोन अॅसिटेट आणि ३५ मायक्रोग्रॅम एथिनिल इस्ट्रॅडिऑल असतं. अमेरिकेत सायप्रोटेरोनला कधीच मान्यता मिळाली नाही. युरोपात ही गोळी अनेक वर्षं वापरात होती. जानेवारी २०१३मध्ये फ्रान्सच्या औषध नियामक संस्थेने २५ वर्षांतल्या चार मृत्यूंचा संबंध या गोळीमुळे झालेल्या रक्ताच्या गुठळ्यांशी जोडला आणि तिची विक्री स्थगित करायचं ठरवलं. गोळीला मान्यता होती ती मुरुमांसाठी, पण असंख्य स्त्रिया ती निव्वळ गर्भनिरोधक म्हणून घेत होत्या. त्याच वर्षी युरोपीय औषध संस्थेने सगळी माहिती पुन्हा तपासली आणि गोळी ठेवायची असं ठरवलं. मात्र अट घातली : अँड्रोजेनशी निगडित मध्यम ते तीव्र मुरुमं किंवा अंगावरचे जास्तीचे केस असतील तरच ती द्यावी, आणि मुरुमांसाठी द्यायची तर आधीचे उपचार फसल्यावरच. जानेवारी २०१४मध्ये ती फ्रान्सच्या दुकानांत परतली.

धोक्याचा आकडाही नीट समजून घ्यावा. गोळी न घेणाऱ्या १०,००० स्त्रियांमागे वर्षाला साधारण दोघींना गुठळी होते. लेव्होनॉर्जेस्ट्रेल असलेली नेहमीची गर्भनिरोधक गोळी घेणाऱ्यांत पाच ते सात जणींना. सायप्रोटेरोनच्या गोळीत हा धोका त्याच्या दीडपट ते दुप्पट मानला जातो. निरोगी तरुणीसाठी हा आकडा लहानच आहे. पण जी सिगारेट ओढते, जिच्या आईला किंवा बहिणीला गुठळी झाली होती, जिला डोळ्यांपुढे वीज चमकल्यासारखं होऊन अर्धशिशी उठते, तिच्यासाठी गायनॅकची चिठ्ठी बाद ठरू शकते. हे प्रश्न विचारल्याशिवाय लिहिलेली गोळी घेऊ नये, लिहून देणारे कितीही नावाजलेले असोत.

स्पायरोनोलॅक्टोन हे मूळचं रक्तदाब आणि अंगावरची सूज यांवरचं औषध. ते अँड्रोजेनचा मार्ग अडवतं. पूर्वी त्यासोबत वारंवार पोटॅशियम तपासत. २०१५मध्ये अमेरिकेत हे औषध घेणाऱ्या ९७४ निरोगी तरुण स्त्रियांच्या १,८०२ तपासण्या पाहिल्या गेल्या, त्यांतल्या फक्त १३मध्ये पोटॅशियम वाढलेलं निघालं. मूत्रपिंडाचा आजार नसलेल्या निरोगी तरुणींना ही तपासणी वरचेवर लागत नाही, असं आता तिथले त्वचारोगतज्ज्ञ म्हणतात. जुन्या सवयीने तपासणारे आणि न तपासणारे, दोघांमागे हा इतिहास आहे.

याच औषधाची ब्रिटनमधली ४१० स्त्रियांवरची चाचणी २०२३मध्ये प्रसिद्ध झाली. बाराव्या आठवड्यात औषध घेणाऱ्यांपैकी ७२ टक्के स्त्रियांना सुधारणा वाटली, नुसती दिखाऊ गोळी घेणाऱ्यांपैकी ६८ टक्के जणींना. फरक नसल्यासारखाच. चोविसाव्या आठवड्यात हेच आकडे ८२ आणि ६३ झाले. आपल्याकडे दोन-अडीच महिन्यांत 'काही फरक नाही' म्हणून डॉक्टर बदलतात. नवा डॉक्टर नवं औषध देतो, घड्याळ पुन्हा शून्यावर येतं, आणि विरोधी मतांची फाइल जाड होत जाते. यातला निम्मा झगडा डॉक्टरांमधला नसून अर्धवट सोडलेल्या उपचारांचा आहे.

आणि त्या दोन चिठ्ठ्या? त्या खरं तर एकत्र नांदू शकतात. स्पायरोनोलॅक्टोन चालू असताना गर्भ राहिला तर मुलग्याच्या गर्भाच्या वाढीला बाधा येऊ शकते, म्हणून त्यासोबत गर्भनिरोधन लागतं. या औषधाने पाळीही पुढेमागे होते, ती गोळीने ताळ्यावर राहते. त्यामुळे अनेक डॉक्टर दोन्ही मिळून देतात. मात्र दोन्ही चिठ्ठ्या एकाच डॉक्टरसमोर ठेवल्या तरच हे सुचणार. गायनॅकपासून स्किनची चिठ्ठी लपवायची आणि स्किनच्या डॉक्टरांपासून गायनॅकची, ही आपल्याकडची रीत इथे नडते.

घरच्या डॉक्टरांच्या बोलण्यातला लग्नाचा भाग वेगळा काढू. गोळीने वंध्यत्व येत नाही. ती बंद केली की गर्भधारणेची क्षमता परत येते. पण वर्षभरात मूल हवं असेल, तर ते पहिल्याच भेटीत सांगायला हवं. मग गोळी आणि स्पायरोनोलॅक्टोन दोन्ही बाजूला ठेवून अॅझेलिक अॅसिडसारखं लावायचं औषध निवडता येतं.

मुरुमांवरच्याच आयसोट्रेटिनॉइन या औषधाबद्दलच्या भीतीविषयी पुढच्या आठवड्यात.