एकच बार

रानडुकराची शिकार हा विषय वसंतातल्या व्याख्यानासाठी घेतलेला पाहून काहींना नवल वाटेल. बोनस आणि महागाईभत्ता यांवर बोलणाऱ्या माणसांनी बंदुकीच्या वाटेस का जावे, असेही कोणी विचारील. उत्तर सोपे आहे. कामगार शहरात राहतो, पण त्याचा अर्धा जीव गावच्या शेतात असतो. भाद्रपद-आश्विनाच्या सुमारास रजेच्या अर्जांत 'भात राखण्यास गावी जाणे आहे' हे कारण आम्ही अजूनही वाचतो. हे राखणे म्हणजे नेमके काय, ते शहरवासीयांस ठाऊक असावे, एवढ्यासाठीच हा प्रपंच.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट करू. हौसेच्या शिकारीविषयी आम्ही बोलत नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तिला लगाम घातला आणि १९९१ च्या दुरुस्तीने तिचे परवानेच बंद केले. आम्ही बोलतो ते पीक वाचवण्यासाठी रात्र जागणाऱ्या शेतकऱ्याविषयी. त्याच्या हातातल्या बंदुकीतून एका वेळी एकच बार निघतो.

आता या शेतकऱ्याचा प्रतिपक्षी पाहू. रानडुकराची नजर अधू, पण नाक विलक्षण तिखट. वारा माणसाकडून त्याच्याकडे वाहत असेल, तर तो शेताच्या बांधापर्यंतही येत नाही. दिवसा तो जाळीत पडून राहतो आणि अंधार पडल्यावर चरायला निघतो. माद्या आणि पिल्ले कळपाने हिंडतात. वयात आलेला नर बहुधा एकटा असतो. मादी सुमारे चार महिन्यांत विते आणि एका वेतात चार-सहा पिल्ले सहज होतात. भात, भुईमूग, रताळी, ऊस, काहीच त्याला वर्ज्य नाही. खातो त्याहून अधिक तो तुडवतो आणि मुस्कटाने जमीन नांगरल्यासारखी उकरून ठेवतो. चार महिन्यांची मेहनत एका रात्रीत चिखलात जाते, ती अशी.

या भांडणात बंदूक कोणाच्या हाती असावी, हा प्रश्न जुना आहे. इंग्रजी अमदानीत घोड्यावर बसून भाल्याने डुक्कर मारणे हा साहेबांचा मानाचा खेळ होता. मीरतकडे त्यासाठी 'कादिर कप' नावाची स्पर्धा भरे. बालवीर चळवळीचे जनक बेडन-पॉवेल यांनी ती १८८३ साली जिंकली आणि १८८९ साली या खेळावर पुस्तकही लिहिले. जेथे हा खेळ चाले, तेथे डुकरावर गोळी झाडणे साहेब लोक असभ्यपणाचे मानीत. ज्याचे पीक जाई त्याचे मत विचारण्याची चाल नव्हती. शिवाय १८७८ च्या हत्यारांच्या कायद्यामुळे परवान्यावाचून बंदूक बाळगणे गुन्हा ठरला होता.

स्वतंत्र भारताने १९५९ साली नवा शस्त्र कायदा केला आणि त्यात शेतकऱ्याची आठवण ठेवली. पिकाच्या खऱ्याखुऱ्या संरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना देण्याची तरतूद या कायद्याच्या तेराव्या कलमात आहे. ठासणीची बंदूक पुरेशी नाही अशी अधिकाऱ्याची खात्री पटली, तर दुसरी गुळगुळीत नळीची बंदूक देता येते.

'गुळगुळीत नळी' या शब्दांचा अर्थ समजून घेतला पाहिजे. रायफलीच्या नळीत आतून पिळाच्या खाचा असतात. त्यांमुळे गोळी स्वतःभोवती फिरत सरळ आणि दूर जाते. १८७१ साली ब्रिटिश फौजेने स्वीकारलेली मार्टिनी-हेन्री ही अशीच, एका वेळी एकच काडतूस घेणारी रायफल होती. तिची गोळी शेकडो वार मारा करी. वाडी, पाणंद आणि शेत जेथे एकमेकांस चिकटलेली, तेथे एवढा लांबचा मारा गुणाऐवजी धोकाच ठरतो. ठासणीच्या बंदुकीच्या नळीत खाचा नसतात. तिचा भरवशाचा नेम फार तर चाळीस-पन्नास पावलांचा.

ती भरायची कशी, तेही पाहू. नळीच्या तोंडातून मोजून दारू ओतायची, वर बोळा घालायचा, गजाने ठासायचे. मग गोळी, पुन्हा बोळा, पुन्हा ठासणे. शेवटी घोड्याखाली केप बसवायची. हात कितीही सरावलेला असो, अंधारात आणि पावसात याला वेळ लागतोच. भात तयार होते तेव्हा परतीचा पाऊस असतो. काळी दारू ओल धरते आणि ऐन वेळी बार फुसका जातो. बार निघालाच, तर समोर धुराचा पडदा उभा राहतो आणि जनावर पडले की पळाले हे क्षणभर कळत नाही. म्हणजे दुसरा बार जवळजवळ नाहीच.

यामुळे एकबारी बंदुकीचे सारे शास्त्र चाप ओढण्यापूर्वीच संपते. जाणते पारधी जे नियम पाळतात, त्यांचा सारांश असा. वाऱ्याच्या उलट बाजूस बसावे. शक्यतो माळ्यावर बसावे, म्हणजे चुकलेली गोळी जमिनीत शिरते. जनावर तोंड करून समोर असताना बार काढू नये. उतरत्या कपाळाचे हाड जाड असते आणि गोळी निसटते. नराच्या खांद्यावर कातडीखाली चिवट थराची जणू ढालच असते. म्हणून तो पूर्ण आडवा होईपर्यंत थांबावे आणि पुढच्या पायामागे, छातीच्या खालच्या तिसऱ्या हिश्शात नेम धरावा. काळीज तेथे असते. आडवा झाला नाही, तर बार न काढताच रात्र काढावी. जखमी डुक्कर जाळीत शिरले, तर लगेच मागे जाऊ नये. वाट पाहून, उजेडात आणि सोबतीने जावे. त्याचे सुळे माणसाची मांडी फाडतात.

या सर्वांहून मोठा नियम एकच: दिसल्यावाचून झाडू नये. झुडूप हलले किंवा फुरफुर ऐकू आली, एवढ्यावर चाप ओढल्यामुळे डुकराऐवजी सोबतीचा माणूस मेल्याच्या बातम्या आपण वर्तमानपत्रांत वाचतो. मेलेला आणि मारणारा बहुधा एकाच वाडीतले असतात. एका बाराने दोन घरे उद्ध्वस्त होतात.

कायद्याचेही असेच आहे. तोही चाप ओढण्यापूर्वी पाहायचा असतो. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या दुरुस्तीनंतर रानडुक्कर दुसऱ्या अनुसूचीत आहे. उभ्या पिकाचे नुकसान करणाऱ्या जनावरास मारण्याची लेखी परवानगी अकराव्या कलमाखाली अधिकृत वनाधिकारी देऊ शकतो. बंदुकीचा परवाना म्हणजे ही परवानगी नव्हे; दोन्ही कागद वेगळे. पुष्कळ गरीब माणसे या एका अज्ञानापायी कोर्टाच्या पायऱ्या चढतात.

ज्याला बंदूकही मिळत नाही आणि परवानगीही, तो पुष्कळदा तारेचा फास, विजेची तार किंवा गावठी बॉम्ब यांकडे वळतो. मे २०२० मध्ये केरळात पालक्काड जिल्ह्यात स्फोटकाने तोंड फाटलेली एक गाभण हत्तीण नदीत उभी राहून मेली, ते आपणांस आठवत असेल. असले सापळे रानडुकरांसाठी लावले जातात. बंदुकीमागे निदान एक जागा माणूस असतो, जो पाहतो आणि थांबू शकतो. तार थांबत नाही. ती बिबट्याला मारते आणि पहाटे पाणी सोडायला गेलेल्या शेतकऱ्यालाही.

मग मार्ग कोणता? डुक्कर का वाढला ते पाहिले म्हणजे मार्गही दिसतो. कर्ती माणसे शहरात गेली की शेते पड राहतात. पड शेतात झुडपे माजली की डुकराला दिवसा दडण्यास वस्तीशेजारी जागा मिळते. पूर्वी वाडीतल्या माळ्यामाळ्यांवर माणसे जागत, डबे वाजत, हाका जात. आज दहा शेतांत एक म्हातारा जागतो. दहा जणांचे काम एकट्यावर पडले की तो थकतो, चिडतो आणि नको तेव्हा चाप ओढतो. कारखान्यात हेच घडताना आम्ही पाहिले आहे. तेथे आम्ही त्यास अपघात न म्हणता अपुरी माणसे असे नाव देतो.

यासाठी पाळीपाळीची जागल पुन्हा बसवली पाहिजे, पड शेतांतली झुडपे सर्वांनी मिळून तोडली पाहिजेत आणि नुकसानभरपाईचे अर्ज पंचनाम्यासह, मुदतीत आणि एकत्र गेले पाहिजेत. केरळ सरकारने २०२२ साली उपद्रवी रानडुकरांविषयी निर्णय घेण्याचे अधिकार पंचायतींच्या अध्यक्षांकडे दिले. त्याच्या बऱ्यावाईटाची चर्चा व्हावी. पण निर्णय गावात आणि उघडपणे व्हावा, ही दिशा आम्हांस योग्य वाटते. बंदूक राहील, कधी लागेलही. परंतु तिच्यात एकच बार आहे. तो कधी काढावा हे अंधारात एकट्या बसलेल्या माणसावर न सोडता, दिवसाउजेडी साऱ्या गावाने ठरवून ठेवावे.