मोंबासा: किल्ला एकाचा, गाव दुसऱ्याचं

केनियाच्या किनाऱ्याला बिलगून, विषुववृत्ताच्या दक्षिणेला चार अंशांवर, जेमतेम पंधरा चौरस किलोमीटरचं एक प्रवाळाचं बेट आहे. ईशान्येला ट्यूडरची खाडी, नैर्ऋत्येला किलिंदिनीची. ट्यूडर खाडीच्या तोंडाशी जुनं बंदर, जुनं गाव आणि फोर्ट जीझस नावाचा किल्ला. किलिंदिनीचं पाणी खोल. आगबोटी आल्या तसा व्यापार तिकडे सरकला आणि आज युगांडा-रवांडापर्यंतचा माल त्याच धक्क्यावर उतरतो. माकुपाचा पूल आणि न्यालीचा पूल बेटाला मुख्य भूमीशी जोडतात. दक्षिणेला लिकोनीकडे जायला मात्र फेरीबोट, आणि तिच्यासाठी सकाळ-संध्याकाळ लागलेली माणसांची रीघ. 2019च्या जनगणनेत मोंबासा जिल्ह्याची वस्ती बारा लाखांच्या वर भरली.

या गावाचा खरा धनी वारा. नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत ईशान्येचा ‘कस्काझी’ वाहतो, तो आखातातली आणि गुजरातेतली गलबतं घेऊन येतो. एप्रिलनंतर ‘कुसी’ उलटा वाहू लागतो आणि गलबतं माघारी निघतात. मधले काही महिने खलाशांनी आणि व्यापाऱ्यांनी काय करायचं? बंदरात थांबायचं, माल विकायचा, घरोबा करायचा, लग्नंही करायची. स्वाहिली समाज, त्याची भाषा आणि त्याचा इस्लाम याच सक्तीच्या मुक्कामांतून रुजला. फौजा आल्या त्या फार नंतर, आणि त्यांनी या बाबतीत फारसं काही बदललं नाही. मोंबासाचा इतिहास सहसा किल्ल्यावरच्या निशाणांची यादी म्हणून सांगितला जातो. मला ती सांगण्याची रीतच फसवी वाटते. किल्ला ज्याच्या हाती त्याच्या हाती गाव, हे मोंबासाने कधी मानलंच नाही.

गावाच्या उगमाच्या कथा दोन आहेत. एकीत म्वाना म्किसी नावाची राणी, दुसरीत शेहे म्विता, ज्याने इथली पहिली दगडी मशीद बांधली असं सांगतात. कथा बाजूला ठेवल्या, तरी बाराव्या शतकात अरब भूगोलकार अल-इद्रीसीने मोंबासाचा उल्लेख केला आहे आणि 1331च्या सुमारास प्रवासी इब्न बतूता इथे उतरला. त्याचं वर्णन छोटं, पण नजर बारीक. लोक केळी आणि मासे खातात, धान्य मुख्य भूमीवरून आणतात, मशिदी लाकडी आणि नीट बांधलेल्या. प्रत्येक मशिदीच्या दाराशी एक-दोन विहिरी, पाणी काढायला काठीला बांधलेलं लाकडी भांडं, आणि अनवाणी आलेल्याने पाय धुऊन पुसायला जाडसर चटई. तिथल्या ‘जम्मून’ नावाच्या गोड फळाचीही तो नोंद करतो; आपल्या वाचकाला ते ओळखायला वेळ लागू नये. लोक सुन्नी इस्लाममधल्या शाफिई पंथाचे, धार्मिक आणि सचोटीचे, असं तो लिहितो. कोकणातले मुसलमानही शाफिईच. अरबी समुद्राच्या दोन्ही काठांवर हा पंथ गलबतांबरोबर पसरला.

1498च्या एप्रिलमध्ये वास्को द गामा इथे आला. मोंबासाने त्याला संशयाने पाहिलं; शेजारच्या मालिंदीने मैत्री केली आणि कालिकतपर्यंतचा वाटाड्याही दिला. दोन गावांचं जुनं हाडवैर पोर्तुगिजांच्या पथ्यावर पडलं. 1505 मध्ये फ्रान्सिस्को द आल्मेदाने भारताचा व्हाइसरॉय म्हणून जाता जाता मोंबासा लुटून जाळलं. 1528 मध्ये गोव्याकडे निघालेल्या नूनो द कुन्याने तेच केलं. दोन्ही वेळा गाव पुन्हा उभं राहिलं. पुढे मीर अली बे या तुर्की सरदाराची गलबतं या किनाऱ्यावर फिरू लागली, तेव्हा पोर्तुगिजांना इथे कायमचा तळ हवासा झाला. 1593 मध्ये फोर्ट जीझसची पायाभरणी झाली. आराखडा जोवान्नी बात्तिस्ता कैराती या मिलानच्या स्थापत्यकाराचा. हिंदुस्थानातल्या पोर्तुगीज तटबंद्यांची जबाबदारीही त्याच्याकडेच होती. आकाशातून पाहिलं तर उताणा पडलेला माणूस दिसावा अशी या किल्ल्याची रचना. 2011 मध्ये तो जागतिक वारशाच्या यादीत गेला.

मोंबासाचा कारभार गोव्याहून चालायचा. त्या कारभाराचं सगळ्यात विलक्षण अपत्य म्हणजे युसुफ बिन हसन. किल्ल्याबरोबर पोर्तुगिजांनी मालिंदीच्या राजघराण्याला मोंबासात आणून बसवलं होतं. पण दोस्ती फार टिकली नाही. सुलतान हसनचं किल्लेदाराशी बिनसलं, 1614 मध्ये त्याचा खून झाला आणि त्याचं मुंडकं गोव्याला पाठवलं गेलं. त्याचा लहानगा मुलगा युसुफ, तोही गोव्याला आला. ऑगस्टिनियन पाद्र्यांच्या मठात वाढला, बाप्तिस्मा घेऊन दों जेरोनिमो चिंगुलिया झाला, ख्रिस्ती बायको केली. ज्या शहरात बापाचं मुंडकं गेलं त्याच शहरात तो प्रार्थना शिकला. पोर्तुगिजांच्या मते यापेक्षा भरवशाचा राजा मिळणं शक्य नव्हतं. त्यांनी त्याला मोंबासाच्या गादीवर बसवलं.

16 ऑगस्ट 1631 रोजी, मेरीच्या स्वर्गारोहणाच्या सणाच्या सुमाराला, हा राजा आपली माणसं घेऊन किल्ल्यात शिरला आणि किल्लेदार पेद्रो लैताव द गांबोआला त्याने भोसकलं. मग गावातल्या ख्रिस्त्यांची कत्तल झाली. मेलेल्यांत पोर्तुगीज होते तसे धर्म सोडायला नकार देणारे आफ्रिकी ख्रिस्तीही होते. दों जेरोनिमो पुन्हा युसुफ झाला. दुसऱ्या वर्षी गोव्याहून आलेलं आरमार हात हलवत परतलं, पण युसुफनेही बेट सोडलं आणि उरलेली वर्षं समुद्रावर चाचेगिरीत काढली. मेलेल्यांना हुतात्मे ठरवण्यासाठी साक्षी नोंदवण्याचं काम गोव्यात झालं. पोर्तुगीज कागदांत तो विश्वासघातकी, आजच्या काही लेखनात तो स्वातंत्र्यवीर. मला दोन्ही शिक्के अपुरे वाटतात. त्याच्या तलवारीखाली निःशस्त्र गावकरी पडले हे खरं, आणि त्याचं बालपण दुसऱ्यांनी घडवलं हेही तितकंच खरं.

मार्च 1696 मध्ये ओमानच्या अरबांनी किल्ल्याला वेढा घातला. तो डिसेंबर 1698 पर्यंत चालला. आतली शिबंदी लढाईपेक्षा रोगराईनेच जास्त खचली. गोव्याहून कुमक घेऊन आलेल्या जहाजांत ‘सांतो आंतोनियो द तान्ना’ नावाचं एक लढाऊ जहाज होतं. ते बांधलं होतं वसईला, आणि नावातलं तान्ना म्हणजे आपलं ठाणं. 1697 मध्ये ते किल्ल्याच्या पायथ्याशी बुडालं. 1977 ते 1980 या काळात पाणबुड्या पुरातत्त्वज्ञांनी त्याचं उत्खनन केलं आणि त्यातल्या वस्तू किल्ल्यातल्या संग्रहालयात मांडल्या गेल्या. मराठी प्रवाशाने मोंबासात काही एक पाहायचं ठरवलं, तर त्याने या वस्तूंपाशी थांबावं. किल्ला पडल्यानंतर पोर्तुगिजांनी 1728 मध्ये तो एकदा परत मिळवला, पण पुढच्याच वर्षी खुद्द गावकऱ्यांनीच त्यांना हाकललं. त्यानंतर दहा वर्षांनी चिमाजी अप्पांनी वसई घेतली.

ओमानी आले ते इबादी पंथाचे. अठराव्या शतकात त्यांच्यातलं मझरुई घराणं इथे जवळजवळ स्वतंत्रपणे राज्य करू लागलं. राज्यकर्त्यांचा पंथ प्रजेवर लादला जातो, असा आपला अनुभव. इथे उलटं झालं. गाव शाफिईच राहिलं आणि मझरुईंपैकीच अनेक जण हळूहळू सुन्नी शाफिई झाले. 1837 मध्ये ओमानचा सुलतान सय्यद सईद याने त्यांची सत्ता मोडली, पण मझरुईंची विद्वत्ता टिकली. या घराण्यातले शेख अल-अमीन बिन अली 1930च्या दशकात ‘अल-इस्लाह’ नावाचं पत्र काढत होते. पुढे ते केनियाचे मुख्य काझी झाले. त्यांचे पुत्र अली मझरुई जगभर ओळखले गेलेले राज्यशास्त्रज्ञ.

ख्रिस्ती धर्म इथे दुसऱ्यांदा आला तो तोफांविना. योहान लुडविग क्राप्फ हा जर्मन मिशनरी 1844 मध्ये पोहोचला. काही महिन्यांतच त्याची पत्नी आणि नवजात मुलगी तापाने गेली. तरी तो राहिला आणि बेटाबाहेर रबाईला त्याने ठाणं उभारलं. पण त्या मिशनमध्ये जीव ओतला तो नाशिकहून आलेल्या माणसांनी. इंग्रजी आरमाराने अरबी समुद्रात गुलामांची गलबतं पकडली, की सुटलेली आफ्रिकी मुलं मुंबईत उतरवली जात. त्यातल्या अनेकांना नाशिकजवळ शरणपूरच्या मिशनमध्ये ठेवून शिक्षण आणि सुतारकी-लोहारकी शिकवत. ही मुलं 1860च्या दशकापासून पूर्व आफ्रिकेत परतू लागली. 1875 मध्ये मोंबासासमोर मुख्य भूमीवर मुक्त गुलामांसाठी फ्रीअरटाउन वसलं. नाव बार्टल फ्रीअरचं. साताऱ्याचा रेसिडेंट आणि मुंबईचा गव्हर्नर राहिलेला हाच तो. मोंबासात या लोकांना ‘बॉम्बे आफ्रिकन’ म्हणत. शिक्षक, धर्मोपदेशक, दुभाषे झाले ते हेच. वस्तीतली घंटा अजून जागेवर आहे. नाशिककरांनी हा इतिहास आपला म्हणून कधी सांगितला नाही, याचं आश्चर्य वाटतं.

1896 मध्ये इंग्रजांनी इथून युगांडा रेल्वेचं काम सुरू केलं. बत्तीस हजारांच्या आसपास हिंदी मजूर आले, मुख्यतः पंजाबातले. अडीच हजारांच्या आसपास मेले. त्यांच्या मागोमाग गुजराती दुकानदार वाढले, गोव्याचे कारकून आले. आज बेटावर बोहऱ्यांची मशीद, खोजांचा जमातखाना, बलुची शिपायांच्या वंशजांची मशीद, स्वामीनारायण मंदिर आणि 1960च्या दशकातलं संगमरवरी शिखरबंद जैन मंदिर आहे. शिवाय अँग्लिकन कॅथीड्रल, ज्याचा घुमट लांबून मशिदीचाच वाटतो. जुन्या गावात 1570ची मंधरी मशीद अजून नांदती आहे. पोर्तुगिजांच्या चर्चचे पायाचे अवशेष मात्र किल्ल्याच्या तटाआतच पाहावे लागतात. बेटाबाहेर मिजिकेंडा लोकांची ‘काया’ म्हणजे देवराया आहेत. त्यांत झाड तोडायला बंदी असते आणि विधी वडीलधारी मंडळी करतात. आपल्या सह्याद्रीतल्या देवरायांशी हे नातं कुणीतरी नीट तपासायला हवं. 2008 मध्ये या कायांपैकी काहींना जागतिक वारशाचा दर्जा मिळाला.

इंग्रजांच्या काळातही किनाऱ्याची दहा मैलांची पट्टी कागदोपत्री सय्यद सईदच्या वंशजांची, म्हणजे झांझिबारच्या सुलतानाचीच होती आणि त्याचं लाल निशाण 1963 पर्यंत फोर्ट जीझसवर फडकत होतं, जरी आत 1895 पासून इंग्रजांनी तुरुंग केला होता. ती पट्टी केनियात विलीन होताना सुलतानाने काझी न्यायालयं राखण्याची हमी मिळवली. 2010च्या नव्या राज्यघटनेच्या वेळी चर्चसंघटनांनी त्यांना जोरदार विरोध केला. सार्वमतात राज्यघटना मंजूर झाली आणि काझी न्यायालयं राहिली. मुसलमान पक्षकारांनी मान्य केल्यास विवाह, घटस्फोट आणि वारसा अशा वैयक्तिक बाबींपुरते खटले तिथे चालतात.