मालमोटार धन्याची, वेळ चालकाचा

एक साधा प्रश्न विचारून आजच्या भाषणाला आरंभ करतों. मनुष्य गाडी हांकीत आहे आणि त्याच वेळीं तो सुटीवर आहे, असें कायद्याला म्हणतां येईल काय? प्रथमदर्शनीं हा प्रश्न वेडगळ वाटेल. परंतु अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत मालमोटारी हांकणाऱ्या लक्षावधि चालकांच्या दृष्टीनें तो रोजच्या व्यवहारांतला आहे. आणि तेथील नियमांनीं त्याचें उत्तर ‘होय, कांहीं प्रसंगीं’ असें दिलें आहे. तें कां दिलें, आणि त्या ‘होय’ची मर्यादा कोठें संपते, हें आज आपणांस पाहावयाचें आहे.

प्रथम कामाच्या तासांविषयीं. थकलेल्या मनुष्याच्या हातीं अवजड वाहन देणें म्हणजे रस्त्यावरील सर्वांचाच जीव धोक्यांत घालणें होय. १९३५ सालच्या कायद्यानें तेथील आंतरराज्य व्यापार आयोगाला चालकांचे तास ठरविण्याचा अधिकार दिला. आज तें काम केंद्रीय मोटारवाहक सुरक्षा प्रशासनाकडे आहे. सध्यांचा सामान्य नियम असा कीं, माल नेणाऱ्या चालकानें सलग १० तास सुटी घ्यावी. मग कामावर रुजू झाल्यापासून १४ तासांच्या आंतच गाडी हांकावी. आणि त्यांतहि प्रत्यक्ष हांकणें ११ तासांहून अधिक नसावें. वखारीच्या दारांत ताटकळण्यांत वेळ गेला, तरी सामान्यतः १४ तासांचें घड्याळ थांबत नाहीं. पूर्वीं ही नोंद चालक कागदावर करीत असे. डिसेंबर २०१७ पासून बहुतेक चालकांना इंजिनाशीं जोडलेलें इलेक्ट्रॉनिक नोंदणीयंत्र सक्तीचें झालें. आतां चाक फिरलें कीं यंत्र लिहूं लागतें.

येथेंच अडचण उभी राहते. हा चालक पुष्कळदां घरापासून शेंकडों मैल दूर असतो. आसनामागें त्याचा बिछाना असतो. तेंच त्याचें त्या आठवड्यांतलें घर. रात्रीं जेवावयास किंवा औषध आणावयास जावयाचें, तर त्याच्यापाशीं दुसरें वाहन नाहीं. त्याची गाडी मालासह ८०,००० पौंड, म्हणजे सुमारें ३६ टन भरूं शकते. तरी खाणावळीपर्यंत त्याला तीच न्यावी लागते. चाकाचा प्रत्येक फेरा ‘काम’ म्हणून मोजला, तर दिवसभर राबलेल्या मनुष्यानें एक तर उपाशी निजावें किंवा नियम मोडावा, असा प्रसंग येतो. यासाठीं नियमांत ‘वैयक्तिक प्रवास’ असा एक वर्ग मानला आहे. त्या प्रवासाचा वेळ सुटींत धरला जातो.

परंतु वैयक्तिक कशाला म्हणावें? कसोटी गाडीची नाहीं, हेतूची आहे. चालक कामांतून व कामाच्या सर्व जबाबदारींतून मोकळा झालेला असला पाहिजे, आणि त्या फेरीनें धन्याच्या धंद्याचें काम पुढें सरकतां कामा नये. १९९७ च्या मार्गदर्शक खुलाशांत गाडी रिकामी असावी अशी अट होती. २०१८ च्या खुलाशानें ती काढून टाकली. कारण पाठीवर माल असला, तरी जेवावयास जाणाऱ्या चालकाकडून त्या वेळीं त्या मालाची वाहतूक होत नसते.

उदाहरणें घेतलीं म्हणजे हा भेद स्पष्ट होईल. मुक्कामाच्या जागेहून खाणावळीपर्यंत जाणें वैयक्तिक; पण वाटेंत विश्रांतीचीं ठिकाणें असतां तीं मागें टाकून उद्यांच्या मालाच्या जवळ जाऊन राहणें, हें काम. घर आणि कंपनीचा तळ यांमधील जाणें-येणें वैयक्तिक, मात्र अंतर इतकें नसावें कीं पुरेशी विश्रांतीच मिळूं नये. माल उतरविल्यावर तेथून कंपनीच्या तळाकडे परतणें, हें काम. दुरुस्तीसाठीं कारखान्यांत गाडी नेणें, हेंहि कामच. रस्ता एक, मैल तितकेच. हेतु बदलला कीं नोंद बदलते.

सर्वांत बिकट प्रसंग वखारीच्या दारांतला. समजा, शिकागोहून निघालेला एक चालक ओमाहाच्या एका वखारीशीं पोंचला. माल उतरविण्याला अनेक तास लागले आणि तेवढ्यांत त्याचे १४ तास संपले. वखारवाला म्हणतो, ‘आवार मोकळें करा.’ नियम म्हणतो, ‘गाडी हालवूं नका.’ आतां या मनुष्यानें जावें कोठें? २०१८ च्या खुलाशानें ही कोंडी फोडली. वाजवीपणें मिळणाऱ्या पहिल्या सुरक्षित ठिकाणापर्यंत, केवळ विश्रांतीसाठीं, त्याला गाडी नेतां येते; आणि पुन्हां कामावर येण्यापूर्वीं नियमानुसार पुरी विश्रांति मिळाली पाहिजे. सवलत एवढीच; पुढची मजल मारण्याची मुभा तींत नाहीं.

यावर एक आक्षेप येतो, आणि तो खरा आहे. थकलेल्या डोळ्यांना हेतु कळत नाहीं. अन्नासाठीं हांकलेले वीस मैल आणि धन्यासाठीं हांकलेले वीस मैल शरीराला सारखेच. म्हणून शेजारच्या कॅनडानें निराळा मार्ग धरला. तेथें वैयक्तिक फेरीसाठीं दिवसाला ७५ किलोमीटरांची मर्यादा आहे. गाडी रिकामी आणि जोडगाडी सोडविलेली असावी लागते. आणि फेरीच्या आरंभींचा व शेवटचा मैलमापकाचा आंकडा लिहावा लागतो. संयुक्त संस्थानांत केंद्राच्या नियमानें अंतराची अशी मर्यादा घातलेली नाहीं. कॅनडाचा नियम मोजण्यास सोपा, पण भरलेल्या गाडीच्या चालकाला त्या सवलतीचा उपयोग नाहीं. अमेरिकेचा नियम चालकाच्या गरजेला जवळचा, पण हेतु हा मनांत राहणारा असल्यानें खोट्या नोंदीलाहि तेथें वाट मिळते. कंपनीला आपल्यापुरती अधिक कडक मर्यादा घालतां येते. आणि थकव्यानें किंवा आजारानें गाडी सांभाळण्याचें सामर्थ्य कमी झालें असेल, तर ती हांकूं नये, हा मूळ नियम सुटीवरच्या चालकालाहि सुटत नाहीं.

एक बारीकशी गोष्ट मला फार बोलकी वाटते. तें नोंदणीयंत्र एरव्हीं गाडीचें ठिकाण सुमारें एक मैलाच्या टप्प्यांत टिपतें. वैयक्तिक प्रवासाची खूण केली कीं तो टप्पा सुमारें दहा मैलांचा होतो. चालक आपल्या वेळांत कोणाच्या दारीं गेला, हें पाहण्याचा धन्याला अधिकार नाहीं, एवढें त्या यंत्रालाहि शिकवावें लागलें.

आपल्याकडे १९६१ सालच्या मोटार परिवहन कामगार कायद्यानें दिवसाला ८ व आठवड्याला ४८ तासांची साधारण मर्यादा आंखून दिली होती. परंतु तास मोजण्यापूर्वीं कोणता तास कोणाचा, हें ठरवावें लागतें. आणि तो प्रश्न केवळ महामार्गावरचा नाहीं. आपल्या घरच्या चालकाला आपण रात्रीं अकराला सांगतों, ‘गाडी घरीं घेऊन जा, म्हणजे सकाळीं सहाला येथें हजर राहतां येईल.’ आपल्याला ती सवलत वाटते. ती फेरी त्याच्या सोयीची कीं आपल्या, आणि मधल्या सात तासांतले झोपेला किती उरले, एवढा हिशेब आपण किल्ली हातीं देण्यापूर्वीं करावा. दुसऱ्या दिवशीं त्याच गाडींत मागच्या आसनावर आपलीं मुलें बसणार असतात.