दोन किल्ल्या, एक कुलूप

चंडीगड हे दोघांचं सामाईक घर आहे. 1 नोव्हेंबर 1966 ला पंजाबातून हरियाणा वेगळा निघाला, जिल्हे वाटले गेले, पण नवीकोरी राजधानी वाटायची कशी हे काही सुटेना. शेवटी ती दोघांनाही वापरायला दिली आणि सातबारा केंद्राने आपल्या नावावर ठेवला. ल कॉर्बुझिएने उभारलेल्या एकाच इमारतीत दोन विधानसभा भरतात, एकाच सचिवालयात दोन सरकारं बसतात, उच्च न्यायालयही दोघांत एकच. आपल्याकडे भाऊ वेगळे झाले की वाड्याच्या मधोमध भिंत येते. इथे भिंतीवाचून जवळपास साठ वर्षं निभावलं आहे. कुरबुरी आहेतच, पण चाललंय.

याच शहराच्या सेक्टर 30 मध्ये ‘टर्मिनल बॅलिस्टिक्स रिसर्च लॅबोरेटरी’ नावाची संरक्षण खात्याची प्रयोगशाळा आहे. तोंडात बसणारं नाव टीबीआरएल. बंदुकीची गोळी नळीत असते तोवरचं शास्त्र वेगळं, हवेतून जातानाचं वेगळं आणि लक्ष्यावर आदळल्यावर पुढे काय घडतं त्याचं वेगळं. टीबीआरएलचा विषय हा तिसरा. भारताच्या 1974 मधल्या पहिल्या अणुस्फोटाचा अर्धा भाग या प्रयोगशाळेत घडला. उरलेला अर्धा मुंबईत, तुर्भ्याला. हे दोन अर्धे एकत्र येईपर्यंत एकाही ठिकाणी बॉम्ब नव्हता, आणि मला या गोष्टीची सगळ्यात जास्त गंमत वाटते ती इथेच.

बँकेच्या लॉकरचा अनुभव तुम्हाला असेलच. आधी बँकेचा माणूस आपली किल्ली फिरवतो, मग तुम्ही तुमची. एकट्याने कुणाच्यानेच लॉकर उघडत नाही. दागिने तुमचे, भिंत बँकेची. आता दागिन्यांच्या जागी क्षेपणास्त्र ठेवा. 1958 पासून पाच वर्षं इंग्लंडमध्ये नेमकी हीच व्यवस्था होती. अमेरिकेची ‘थोर’ नावाची 60 क्षेपणास्त्रं इंग्लंडच्या पूर्वेकडच्या शेतशिवारांतल्या तळांवर ठेवली होती. क्षेपणास्त्राच्या टोकाला असलेला बॉम्ब हिरोशिमाच्या बॉम्बच्या जवळजवळ शंभरपट ताकदीचा. क्षेपणास्त्र ब्रिटिश हवाई दलाचं, बॉम्ब अमेरिकेचा. ते सोडायचं तर ब्रिटिश अधिकाऱ्याने एक किल्ली फिरवायची आणि अमेरिकी अधिकाऱ्याने दुसरी. आडवं झोपवलेलं क्षेपणास्त्र उभं करून, त्यात केरोसीन आणि द्रवरूप ऑक्सिजन भरून उडवायला साधारण पंधरा मिनिटं लागत. आपल्याकडे कुकरच्या तीन-चार शिट्ट्या होतात तेवढा वेळ.

थोरच्या किल्ल्या तरी खऱ्या होत्या. इतर ठिकाणी तेवढंही नव्हतं. 1960 च्या डिसेंबरात अमेरिकी संसदेची एक समिती युरोपातले तळ बघत फिरत होती. तिच्यासोबत हॅरल्ड ॲग्न्यू नावाचे शास्त्रज्ञ होते. हिरोशिमावर बॉम्ब पडला तेव्हा सोबतच्या विमानातून त्यांनी तो डोळ्यांनी पाहिला होता, त्यामुळे त्यांना ही वस्तू काय चीज आहे हे वेगळं सांगायला नको होतं. जर्मनीतल्या एका धावपट्टीवर त्यांना जर्मन हवाई दलाची चिन्हं रंगवलेली विमानं उड्डाणाच्या तयारीत उभी दिसली. पोटाखाली अमेरिकी अणुबॉम्ब. आणि ‘अमेरिकी ताबा’ म्हणजे काय, तर तिथे पहाऱ्यावर उभा असलेला एकटा तरुण शिपाई, हातात एक साधी बंदूक. वैमानिकाने इंजिन सुरू केलं तर या पोराने कुणावर गोळी झाडायची? ॲग्न्यू परत आले ते बॉम्बलाच कुलूप हवं हा आग्रह धरून. जून 1962 मध्ये केनेडींनी आदेश काढला आणि परदेशी ठेवलेल्या बॉम्बच्या आतच सांकेतिक आकड्यांचं कुलूप बसू लागलं.

त्याच वर्षी ऑक्टोबरात क्युबाचं संकट उभं राहिलं. सोव्हिएत क्षेपणास्त्रं क्युबात सापडल्याचं केनेडींनी दूरचित्रवाणीवरून जाहीर केलं ती तारीख 22 ऑक्टोबर. तुर्कस्तानात इझमीरजवळ अमेरिकेची 15 ज्युपिटर क्षेपणास्त्रं होती, आणि त्यांतला पहिला तळ तुर्की सैन्याच्या हाती सोपवला गेला तोही नेमका 22 ऑक्टोबरलाच. असा योगायोग कादंबरीत घातला तर संपादक कापून टाकेल. पुढच्या वसंतात ती क्षेपणास्त्रं गुपचूप काढून नेली. मित्रदेशाच्या अंगणात बॉम्ब ठेवण्याची पद्धत मात्र आजही चालू आहे: बेल्जियम, नेदरलँड्स, जर्मनी, इटली आणि तुर्कस्तान अशा पाच देशांत अमेरिकेचे बॉम्ब आहेत, आणि रशियाने 2023 मध्ये बेलारूसबाबत तेच जाहीर केलं.

भारताने असा पाहुणा कधी ठेवून घेतला नाही. प्रश्न मात्र दारापर्यंत येऊन गेला. 16 ऑक्टोबर 1964 ला चीनने पहिला अणुस्फोट केला. लालबहादूर शास्त्री डिसेंबरात लंडनला गेले तेव्हा अण्वस्त्रं नसलेल्या देशांना बड्या राष्ट्रांकडून काही संरक्षण मिळेल का, हा विषय त्यांनी काढला होता. अमेरिकी अधिकाऱ्यांनीही त्या काळात वेगवेगळ्या पर्यायांवर बरेच कागद रंगवले. निष्पन्न काही झालं नाही. झालं ते भलतंच, आणि हिमालयात.

1965 मध्ये सीआयए आणि आपला गुप्तचर विभाग यांनी मिळून एक योजना आखली. चीनच्या चाचण्यांवर कान ठेवायचं यंत्र नंदादेवीच्या शिखरावर बसवायचं. यंत्राला वीज हवी, म्हणून प्लुटोनियमच्या उष्णतेवर चालणारा एक जनित्र-डबा. हा बॉम्ब नव्हे. त्यात वापरलेलं प्लुटोनियम वेगळ्या जातीचं, नुसतंच गरम राहणारं. कॅप्टन मनमोहनसिंग कोहली यांच्या तुकडीतल्या शेर्पांना त्या डब्याची ऊब इतकी आवडली की तो पाठीवर घ्यायला चढाओढ लागे. त्यांनी त्याचं नाव ठेवलं गुरु रिंपोचे. हवामान बिघडलं, डबा वरच एका कपारीत बांधून तुकडी खाली उतरली. पुढच्या वर्षी वर जाऊन बघतात तर डबा नाही, कपारही नाही. हिमकड्याने सगळंच नेलं होतं. 1978 च्या एप्रिलमध्ये पंतप्रधान मोरारजी देसाईंना संसदेत हे कबूल करावं लागलं. दोन देशांचा संयुक्त ताबा असलेली ती वस्तू अजून मिळालेली नाही.

आता परत चंडीगडला येऊ.

अणुबॉम्बसाठी प्लुटोनियम मिळवणं अवघड, हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण मिळवलेल्या प्लुटोनियमचा गोळा नुसता ठेवला तर तो काही करत नाही. त्याला चहूबाजूंनी एकाच क्षणी, एकसारखं दाबावं लागतं. बेसनाचा लाडू वळताना बघा: एका बाजूने जोर जास्त पडला की दुसरीकडून तो फुटतो. इथे लाडू धातूचा आहे आणि तळहात म्हणजे स्फोटकं. आता स्फोटाचा स्वभाव कसा, तर बाहेर पसरण्याचा. विहिरीत खडा टाकला की तरंग मधून काठाकडे जातात. आपल्याला हवं ते नेमकं उलटं. साऱ्या काठावरून एकदम तरंग उठावेत आणि मध्यावर येऊन एका बिंदूत मिटावेत.

ही उलटापालट करणाऱ्या रचनेला म्हणतात स्फोटकांचं भिंग. नाव ऐकून काच डोळ्यांसमोर येते, आणि तत्त्व खरोखरच काचेचंच आहे. काचेत प्रकाश मंदावतो म्हणून किरण वळतो. तसं इथे दोन जातींची स्फोटकं वापरतात, एक झपाट्याने पेटणारं, दुसरं जरा संथ. शाळेत एनसीसीच्या संचलनात कोपऱ्यावर वळण घेणारी रांग आठवते का? आतला मुलगा जागच्या जागी पाय आपटतो, बाहेरचा लांब टांगा टाकतो, आणि रांग न मोडता वळते. भिंगातही लाटेचा मधला भाग संथ स्फोटकातून रखडत येतो, कडेचा भाग लांबच्या वाटेने पण वेगवान स्फोटकातून धावत येतो, आणि बाहेर फुगलेली लाट आत वळलेली होऊन गोळ्यावर बसते. अशी भिंगं गोलाभोवती तुकडे जुळवून बसवायची. नागासाकीच्या बॉम्बात ती 32 होती. घरात मुलाचा जुन्या धर्तीचा काळा-पांढरा फुटबॉल असेल तर त्याचे तुकडे मोजा: 12 पंचकोनी, 20 षटकोनी. तीच जुळणी.

आता वेळेचा हिशोब. वेगवान स्फोटकातली लाट सेकंदाला साधारण 8 किलोमीटर धावते. म्हणजे एका सेकंदाच्या दहा लाखाव्या भागात 8 मिलिमीटर, करंगळीच्या नखाएवढं अंतर. एक भिंग एवढ्याशा वेळाने जरी मागे राहिलं तरी लाडू वाकडा. ही शर्यत डोळ्यांना काय, साध्या कॅमेऱ्यालाही दिसत नाही. त्यासाठी क्षणार्धाहून कितीतरी कमी वेळ चमकणारे एक्स-रे आणि अतिवेगवान कॅमेरे लागतात. टीबीआरएलचं बळ तेच. प्रयोगशाळा चंडीगडात आणि स्फोट करायचं मैदान रामगडला, हरियाणाच्या पंचकुला जिल्ह्यात. म्हणजे ती स्वतःही दोन ठिकाणी विभागलेली.

या कामाचे प्रमुख होते टीबीआरएलचे संचालक नागपट्टिनम सांबशिव वेंकटेशन. आणि त्यांच्याबरोबरीने एक पुण्याचं नाव घ्यायला हवं, कारण मराठी वाचकालाही ते फारसं ठाऊक नसतं: वामन दत्तात्रेय पटवर्धन. पुण्यातल्या स्फोटक संशोधन प्रयोगशाळेचे ते पहिले संचालक. थुंब्याहून उडालेल्या पहिल्या भारतीय अग्निबाणाचं घन इंधन आणि 1974 च्या उपकरणाची स्फोटनयंत्रणा, या दोन्ही कामांशी त्यांचं नाव जोडलेलं आहे. 1974 सालीच त्यांना पद्मश्री मिळाली. भाभा, रामण्णा आपण पाठ केले. पटवर्धनांच्या नावाने एखादा धडा असायला हरकत नव्हती.

साऱ्या प्रकल्पात शास्त्रज्ञ आणि अभियंते मिळून जेमतेम 75 माणसं होती. 18 मे 1974 च्या सकाळी पोखरणला जमिनीखाली 107 मीटरवर चंडीगडचं कवच आणि तुर्भ्याचा गाभा एकत्र होते. वेळ ठरली होती 8 ची. स्फोट झाला 8 वाजून 5 मिनिटांनी, कारण एका अभियंत्याची जीप ऐन वेळी सुरूच होईना. कळ दाबली प्रणव दस्तिदार यांनी.

तुर्भ्याच्या गाभ्याची कथाही ताब्याचीच आहे. ते प्लुटोनियम सायरस अणुभट्टीतलं. भट्टी कॅनडाची, जड पाणी अमेरिकेचं, वापर ‘शांततेसाठी’ असं वचन. कॅनडाने दुसरी किल्ली ठेवलीच नव्हती, नुसता शब्द घेतला होता. आपण या स्फोटाला शांततामय म्हटलं, कॅनडाने अणुसहकार्य तोडलं आणि अणुसामग्री विकणाऱ्या देशांनी एकत्र येऊन कुलपांचा मोठा जुडगाच तयार केला.

आपण मात्र स्वतःपुरतं वेगळंच कुलूप बनवलं. युरोपात अख्खा बॉम्ब तयार असे आणि दोन देश त्याच्या किल्ल्या सांभाळत. आपल्याकडे, अभ्यासकांच्या सांगण्यानुसार, कितीतरी वर्षं शांततेच्या काळात बॉम्बच सुटा ठेवला जाई: गाभा अणुऊर्जा विभागाकडे, स्फोटकांची जुळणी संरक्षण संशोधन संस्थेकडे, विमानं आणि क्षेपणास्त्रं सैन्याकडे. तीन खात्यांची माणसं एका खोलीत आल्याशिवाय तिथे बॉम्बच नाही. 1998 च्या मे महिन्यात हे दिसलंच. तुर्भ्याहून निघालेले गाभे सफरचंदाच्या खोक्यांसारख्या दिसणाऱ्या पेट्यांतून, हवाई दलाच्या एएन-32 विमानाने मुंबईहून जैसलमेरला गेले. निर्णयाचा अधिकार 4 जानेवारी 2003 ला कागदावर आला. अण्वस्त्र आदेश प्राधिकरणाच्या राजकीय परिषदेचे अध्यक्ष पंतप्रधान, आणि पहिला वार आपण करणार नाही हे धोरण.

सरकारी कामाची दिरंगाई हा आपला नेहमीचा रागाचा विषय. या एका बाबतीत मला ती दिरंगाई फार आवडते. रागाच्या भरात कुणी उठलं तरी आधी तीन कार्यालयांना फोन लावायचे, हे अणुबॉम्बसाठी उत्तमच.

ती सोय आता कमी होत चालली आहे. 31 जानेवारी 2015 ला अग्नी-5 बंद नळकांड्यातून पहिल्यांदा उडवलं गेलं. अशा नळकांड्यात क्षेपणास्त्र तयार अवस्थेत महिनोन्‌महिने राहू शकतं, आणि टोकाचा बॉम्बही आधीच बसवून ठेवायला ते सोयीचं. अरिहंत पाणबुडीची पहिली गस्त पूर्ण झाल्याचं 2018 मध्ये जाहीर झालं. समुद्राखाली दडून बसलेल्या बोटीवर तुर्भ्याचा आणि चंडीगडचा माणूस बोलावून बॉम्ब जुळवता येत नाही. तिथे सुट्या भागांचं कुलूप चालत नाही. तिथे बॉम्बच्या आतलं, आकड्यांचं कुलूप लागतं, ॲग्न्यू 1960 साली जर्मनीतल्या धावपट्टीवरून जे मागायला परतले होते तेच.