एका बॅटरीवर आवाजाची पूर्ण लाट

दिवाळीनंतर गोंदिया जिल्ह्यात गावोगावी मंडई भरते आणि झाडीपट्टीची नाटकं रात्रभर चालतात. लाईन गेली तरी आवाज शेवटच्या माणसापर्यंत पोचावा म्हणून साऊंडवाले १२ व्होल्टची बॅटरी जवळ ठेवतात. तरीही दुरुस्तीच्या दुकानांत आणि आयटीआयच्या मुलांकडून एकच ऐकू येत राहतं: ‘माइकचा सिग्नल शून्याच्या वर-खाली जातो. एका बॅटरीत उणे व्होल्टेज नसतं. म्हणून दोन बॅटऱ्या हव्यात, नाहीतर अर्धी लाट कापली जाते.’

माइकबद्दलचं म्हणणं बरोबर आहे. निष्कर्ष साफ चूक आहे, आणि तो किती वर्षं असाच फिरणार?

व्होल्टेज म्हणजे दोन बिंदूंमधला फरक. शून्य कुठे धरायचं ते आपण ठरवतो. स्टेशनच्या पिवळ्या पाटीवर उंची समुद्रसपाटीपासून लिहितात. उद्या ती फलाटापासून मोजली तर आकडा बदलेल, जमीन हलणार नाही. सारख्या किमतीचे दोन रेझिस्टर एकामागोमाग बॅटरीला जोडा, मधल्या जोडावर ६ व्होल्ट मिळतील. ॲम्प्लिफायरचं इनपुट त्या ६ वर बसवा आणि माइकचा सिग्नल कपॅसिटरमधून आत सोडा. कपॅसिटर डीसी अडवतो, लाट जाऊ देतो. आता लाट ६ च्या वर-खाली फिरते. आउटपुटचा कपॅसिटर ते ६ व्होल्ट अडवतो आणि स्पीकरला दोन्ही बाजूंची अख्खी लाट मिळते.

मग लाट कापलेली दिसते ती का? कारण हे ६ व्होल्ट दिलेलेच नसतात. तेव्हा खालचा भाग खरोखर जातो. किंवा फीडबॅकच्या ग्राउंडकडच्या रेझिस्टरला कपॅसिटर लावलेला नसतो. मग सिग्नलबरोबर ६ व्होल्टही वाढतात, आउटपुट वर जाऊन चिकटतं, आणि खापर बॅटरीवर फुटतं! पटत नसेल तर टीडीए २०३० ची डेटाशीट उघडा. एकेरी आणि दुहेरी, दोन्ही पुरवठ्यांची सर्किटं तिथे काढून दिली आहेत.

‘आउटपुटचा कपॅसिटर ढोलकाचा घुमारा खातो.’ ४ ओमच्या स्पीकरला २२०० मायक्रोफॅरड लावला तर कात्री १८ हर्ट्झच्या आसपास लागते, तिथे कानाला काही ऐकूच येत नाही. १०० चा लावलात तर मात्र ४०० हर्ट्झखालचं सगळं दुबळं होईल.

‘बॅटरीवर घरघर येऊच शकत नाही.’ येते. मधल्या जोडावरून ग्राउंडला कपॅसिटर द्या.

‘१२ व्होल्टवर हवे तेवढे वॅट निघतात.’ नाही. लाटेला वर ६ आणि खाली ६, एवढीच जागा आहे; ४ ओमवर ते फार तर साडेचार वॅट, ब्रिज जोडणीत १८. त्याच स्पीकरवर याहून जास्त हवं तर आत ट्रान्सफॉर्मर किंवा व्होल्टेज चढवणारं सर्किट लागतं. डब्यावर शंभर वॅट छापलेले असतील, तर पैसे देण्याआधी झाकण उघडून ते आत आहे का बघा.