घरच्या आठवणींचा कॅमेरा
मुलांनो, ईद, लग्न, बाळाचे पहिले पाऊल असे प्रसंग आपण कॅमेऱ्यात टिपतो. पूर्वी हे चित्रण कॅसेटच्या फितीवर होत असे. 2005 च्या सुमारास हार्ड डिस्क असलेले व्हिडिओ कॅमेरे बाजारात आले. संगणकात असते तशी फिरती चकती त्यांत बसवलेली असे. 30 गिगाबाईटच्या चकतीवर चांगल्या प्रतीचे सुमारे 7 तासांचे चित्रण मावे. हवा तो प्रसंग चटकन सापडे. कॅमेरा संगणकाला जोडून नातेवाइकांसाठी प्रती काढता येत.

पण या सोयीत एक धोकाही होता. फिरत्या चकतीच्या अगदी जवळून एक नाजूक भाग सरकत असतो. कॅमेरा हातातून पडला, तर तो भाग चकतीला घासण्याची भीती असे. फीत खराब झाली, तर एक कॅसेट जाई. चकती बिघडली, तर सगळेच चित्रण जाई.

पुढे चकतीची जागा मेमरी कार्डाने घेतली. त्यात फिरणारा भाग नसतो. आता तर मोबाइलवरही चित्रण होते. पण मोबाइल हरवूही शकतो. म्हणून साधन निवडताना त्यात किती तासांचे चित्रण मावते एवढेच पाहू नये. प्रत काढणे सोपे आहे का, हेही पाहावे. दुसरी प्रत नेहमी वेगळ्या ठिकाणी ठेवावी. कॅमेरा नवा घेता येतो; आजीचा आवाज पुन्हा मिळत नाही.